कंसातली मिनिटं

खो-खोच्या बातमीतला खरा मजकूर कंसात असतो. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, अगदी तळाच्या कोपऱ्यात, राज्य अजिंक्यपद किंवा एखाद्या निमंत्रित स्पर्धेची बातमी चार बोटं जागेत कोंबलेली असते. अमक्या संघाने तमक्यावर एक डाव आणि पाच गुणांनी मात केली, हे पहिल्या ओळीतच कळतं. तेवढं वाचून पान उलटणारे उलटतात. जाणकार वाचक नावं शोधतो, आणि नावापुढचा कंस: (२.१०, १.४० मि. संरक्षण व ३ गुण). म्हणजे हा गडी पहिल्या डावात दोन मिनिटं दहा सेकंद पळाला, दुसऱ्यात एक मिनिट चाळीस सेकंद, आणि आक्रमणाला उतरला तेव्हा गुणही मिळवून आला. एवढ्याशा कंसावर वरणगावात अर्धा तास वाद चालू शकतो. पहिल्या तुकडीत उतरला होता की तिसऱ्या? समोर आक्रमण कुणाचं होतं? बाद कसा झाला, सुरात की खांबावर? की दमून स्वतःच हद्दीबाहेर गेला?

भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की महामार्गावर वरणगाव लागतं. रेल्वेनेही भुसावळनंतर अकोल्याच्या दिशेला पहिलं नाव हेच. १९६४ पासून इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, बंदुकीच्या गोळ्या बनवणारी. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली गेली, तरी गावाच्या तोंडी ती ‘फॅक्टरी’च. आजूबाजूला केळी, कपाशी, पलीकडे तापी आणि हतनूरचं धरण. घरातलं कुणी फॅक्टरीत, कुणी भुसावळला रेल्वेत, कुणी दीपनगरच्या वीजकेंद्रात, उरलेले शेतात किंवा दुकानात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे मैदानावरचा खेळ एक तर सकाळी आठच्या आत, नाही तर दिवस कलल्यावर. या गावाचा व्यावसायिक संघ कुठल्याही लीगमध्ये नाही. जळगावचा नाही, धुळ्याचा नाही, अख्ख्या खानदेशाचा नाही. तरी ‘आपण’ कुणाला घेतलं, यावर चर्चा करायला संघ लागतोच असं नाही.

जुलै २०२२ मध्ये खो-खोला आयुष्यात पहिल्यांदा ड्राफ्ट आला. अल्टिमेट खो खो नावाची लीग सुरू व्हायची होती. सहा संघ: मुंबई खिलाडीज, गुजरात जायंट्स, तेलुगू योद्धाज, चेन्नई क्विक गन्स, ओडिशा जगरनॉट्स आणि राजस्थान वॉरियर्स. आयपीएलचा लिलाव बघून बघून लोकांच्या डोक्यात खेळाडूची निवड म्हणजे हातोडा, फळ्या वर करणारे मालक आणि कोटींची उड्डाणं, असंच बसलेलं. इथे तसं नव्हतं. खेळाडूंचे गट आधीच पाडलेले आणि गटाप्रमाणे मानधन ठरलेलं, वरच्या गटाला पाच लाख, अगदी खालच्याला एक लाख. संघांनी पाळीपाळीने नावं उचलायची. भाव वाढायचा प्रश्नच नाही, त्यामुळे कुणाला किती मिळाले हा आपला लाडका विषय निकालात निघाला. उरला एकच प्रश्न: कुणाला आधी उचललं? आणि त्याहून मजेचा: कुणाला उशिरा?

आता गंमत अशी, की ज्या पुण्यात १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम पहिल्यांदा बांधले, त्या पुण्याचा संघ या सहांत नव्हता. पहिला हंगाम मात्र पुण्यातच, बालेवाडीला झाला. मराठी खेळाडू सहाही संघांत विखुरले. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजचा कर्णधार. सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईकडे. तेव्हा आमच्याकडच्या चाहत्याने निष्ठा ठेवायची कुणाशी? मुंबईवर खानदेशाचा जीव फारसा नाही, तो भाऊबंदकीचा जुना विषय. लोकांनी संघ सोडून माणसं धरली. कुणी रामजीसाठी चेन्नई, कुणी प्रतीकसाठी तेलुगू. एका रिटायर फॅक्टरीवाल्या काकांनी थेट ओडिशा पकडली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘त्या संघात नावं कमी आन् काम जास्त आहे.’ पुढे ओडिशानेच पहिला हंगाम जिंकला. काका तेव्हापासून कुणाचं ऐकून घेत नाहीत.

पण खरा वाद लागायचा तो नव्या, कोवळ्या, भन्नाट पळणाऱ्या पोरांवरून. प्रत्येक संघाने अशी एक-दोन नावं घेतलेली होतीच. मोबाइलवर पंधरा सेकंदांची चित्रफीत यायची: पोरगं खांबाकडून सुटलंय, तीन वळणं, मागचा हात हवेत, खाली शिट्ट्या आणि बदाम. तरुण मंडळी खूश. आणि कट्ट्याच्या कडेला बसलेला कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकणार: ‘पयतो त भारी भो. पन थांबतो का?’

बाहेरच्याला हा प्रश्न तिरका वाटेल. ज्या खेळात पळायचंच आहे, त्यात थांबण्याची चौकशी कशाला? त्यासाठी एक पळती जवळून बघावी लागते.

मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा रुंद. दोन टोकांना कमरेहून थोडे उंच खांब. मधल्या अरुंद पट्टीत आठ जण उकिडवे बसलेले, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. नववा पाठलागावर. पण त्याच्या पायात नियमांच्या बेड्या आहेत. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याच दिशेने जायचं, मागे फिरायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मोकळं. दोन बसलेल्यांमधून तो हव्या त्या बाजूला जाऊ शकतो. तो पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याला एकच इलाज, पलीकडे तोंड करून बसलेल्या कुणाच्या तरी पाठीवर हात टाकून ‘खो’ द्यायचा. नवा गडी पलीकडच्या बाजूला उठतो, आणि हा त्याच्या जागी बसतो.

कला इथे आहे. उत्तम पळणारा ओलांडल्यासारखं करतो. खांदा आत घालतो, एक पाय पट्टीच्या वर जातो, मागच्याला वाटतं गेला, तो खो देऊन मोकळा होतो. आणि त्याच क्षणी हा पुढच्या पायाच्या चवड्यावर सगळं वजन तोलून उभाच राहतो. ओलांडतच नाही. नवा गडी पलीकडे उठलाय, शिकार अलीकडे. त्याने परत कुणाला तरी खो द्यायचा, तोवर पळणारा चार पावलं पुढे. याला हूल म्हणतात, आणि हूल देताना वेग शून्यावर यावा लागतो. पूर्ण वेगात आलेल्या शरीराला एका पावलात थांबवून, उलट्या बाजूला पुन्हा सोडणं, हे ज्याला जमतं त्याची मिनिटं कंसात वाढतात. नुसता सुसाट सुटणारा तिसऱ्या वळणाला स्वतःच्याच वेगाने हद्दीबाहेर जातो, किंवा सरळ पुढच्या खोच्या कवेत.

कानांचंही तसंच. पाठ फिरवून पळताना मागचा कुठे आहे हे डोळ्यांनी बघायला गेलं की अर्धं पाऊल गेलं. म्हणून मुरलेला गडी मागचं सगळं ऐकतो, आणि नजर बसलेल्यांच्या टाचांवर ठेवतो. कुणाच्या टाचा उचललेल्या आहेत? म्हणजे कोण उठायला टपलंय? हे पंधरा सेकंदांच्या चित्रफितीत दिसत नाही. त्यात दिसतो फक्त वेग.

हाच घोळ सातासमुद्रापलीकडे फार मोठ्या पैशांवर चालतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये दरवर्षी शाळा-कॉलेजांतली पोरं संघ पाळीपाळीने उचलतात, १९६५ पासून. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव उचललं गेलं ते रिक मंडे या आउटफिल्डरचं, म्हणजे लांबवर उभं राहून उंच उडालेले चेंडू झेलणाऱ्याचं. या जागेला वेग लागतो, झेलाखाली पोचायला आणि फटका मारल्यावर एका तळावरून (बेसवरून) पुढच्या तळावर धावायलाही. दोन तळांमधलं अंतर नव्वद फूट, सव्वासत्तावीस मीटरच्या थोडं वर. आपलं खो-खोचं मैदान सत्तावीस. दोन खंडांतल्या दोन खेळांनी माणसाला पळवायला जवळपास तेवढीच लांबी शोधून काढली. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत काढले तेव्हा तो त्याच्या सर्वोच्च वेगाला पोचला होता साठ मीटरच्या पुढे. सत्तावीस मीटरच्या मैदानात तो वेग कुणालाच कधी लागत नाही. लागायच्या आत खांब येतो.

तरीही बेसबॉलचे निवडकर्ते पोरांना साठ यार्ड पळवून घड्याळ लावत आले आहेत. प्रत्येक गुणाला वीस ते ऐंशी असे गुण देण्याची त्यांची पद्धत आहे, ऐंशी म्हणजे दुर्मीळ. २००९ च्या ड्राफ्टमध्ये बिली हॅमिल्टन नावाचा मिसिसिपीचा पोरगा होता, ज्याच्या वेगाला निर्विवाद ऐंशी. सिनसिनाटी रेड्सने त्याला दुसऱ्या फेरीत उचललं आणि पुढे आउटफिल्डवर उभा केला. २०१२ मध्ये खालच्या श्रेणीतल्या लीगमध्ये त्याने एका हंगामात १५५ तळ चोरले, विक्रम. ‘तळ चोरणे’ म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं लक्ष चुकवून पुढच्या तळावर पळणे, सगळी वेगाची आणि डोक्याची बाब. मोठ्या लीगमध्ये आल्यावर २०१४ पासून चार हंगामांत त्याच्या चोऱ्या ५६, ५७, ५८, ५९. एवढा नियमितपणा पगारवाढीतही दिसत नाही. पण बॅट चालेना. चोरी करायला आधी पहिल्या तळावर पोचावं लागतं, आणि पहिला तळ चोरता येत नाही, अशी त्या खेळातली जुनी म्हण आहे.

त्याच २००९ च्या ड्राफ्टमध्ये आणखी एक वेगवान आउटफिल्डर होता. माइक ट्राउट, न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा. त्या थंड भागात शाळेचा हंगाम आखूड, निवडकर्ते फिरकतात कमी. त्याला पंचविसाव्या क्रमांकावर उचललं गेलं. ज्या एंजल्स संघाने त्याला घेतलं त्यांच्याकडे चोविसावी आणि पंचविसावी अशा लागोपाठ दोन पाळ्या होत्या, आणि चोविसाव्या पाळीला त्यांनी दुसऱ्याच एका आउटफिल्डरचं नाव पुकारलं होतं! पुढे ट्राउट तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यासाठी जो निवडकर्ता अडून बसला होता, त्या ग्रेग मोरहार्टची ट्राउटच्या वडिलांशी जुनी ओळख होती, दोघे तरुणपणी एका संघात खेळले होते. त्याने पोराला पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. आमच्याकडच्या लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांना बेसबॉलचं काही वाटत नाही, पण मोरहार्टचं फार पटतं. ‘घर माहीत असलं म्हन्जे पोरगं कळतं,’ इति ओडिशावाले काका.

आणि निव्वळ वेगावर डाव लावण्याची परमावधी बघायची तर १९७४ सालात जावं लागतं. ओकलंड संघाच्या मालकाने, चार्ली फिनली नावाच्या हौशी गृहस्थाने, हर्ब वॉशिंग्टन या धावपटूला करारबद्ध केलं. ट्रॅकवरचा खरा धावपटू. त्याने बॅट धरायची नाही, झेल घ्यायचा नाही, फक्त दुसऱ्याच्या जागी तळावर उभं राहून पळायचं. दोन हंगामांत १०५ सामने, ३१ चोऱ्या, आणि एकदाही फलंदाजी नाही. चोरी करताना पकडला गेला १७ वेळा. त्या साली अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात, शेवटच्या डावात, बरोबरीची धाव म्हणून त्याला तळावर उभा केला, आणि समोरच्या माइक मार्शलने हूल देऊन त्याला तिथल्या तिथे टिपला. हूल! जगातला बहुधा सगळ्यात वेगवान बेसबॉल खेळाडू, आणि बाद झाला तो उभ्या जागी.

आपल्याकडेही याचा एक उलटा प्रयोग झालाय. २००८ मध्ये एका अमेरिकी एजंटाने भारतात चेंडू वेगाने फेकणारी पोरं शोधायला स्पर्धा घेतली, वेग मोजायच्या बंदुका लावून. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले, पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारही दिला. चेंडू वेगात जात होता, पण मोठ्या लीगपर्यंत दोघांपैकी कुणी पोचलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या रंगमंचावर गेला. जळगाव जिल्ह्यात सॉफ्टबॉल-बेसबॉल शाळांमधून खेळले जातात, त्यामुळे याच गोष्टीवरचा ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा आमच्या काही मास्तरांनी फार मन लावून पाहिला होता. त्यांचं मत सरळ: बंदूक खांदा मोजते, खेळ नाही मोजत.

हे सगळं खरं असलं तरी कट्ट्यावरच्या जुन्या मंडळींना मी एका बाबतीत साथ देत नाही. लीगने खेळच बदलला आहे, आणि त्याबरोबर वेगाचा भावही. अल्टिमेट खो खोमध्ये सातच जण मैदानावर, पाळी सात मिनिटांची, आणि त्यात एक ‘वझीर’. हा वेगळ्या रंगाचा गडी पाठलागावर असताना कुठल्याही दिशेला वळू शकतो. ज्या बेड्यांच्या जिवावर हुलीची सगळी कला उभी होती, त्या या एकाच्या पायातून काढून टाकल्या. वझीर मागे लागला की खांदा आत घालून फसवणं अवघड, तिथे निव्वळ पाय लागतात. शिवाय पहिल्या हंगामात साध्या स्पर्शाला दोन गुण आणि सूर मारून टिपलं तर तीन. म्हणजे आक्रमणातही झेपावणाऱ्याला जास्त भाव. जुन्या जाणत्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते वझीर म्हणजे बुद्धिबळात एकाच बाजूला दोन चाली देणं. पण ज्या खेळासाठी ड्राफ्ट झाला त्या खेळाच्या नियमांनी पोरं जोखायला हवीत, आपल्या लहानपणच्या नियमांनी नव्हे. या मुद्द्यावर मला कट्ट्यावर दरवेळी चहा पाजावा लागतो.

पहिल्या हंगामाचा अंतिम सामना, ४ सप्टेंबर २०२२, याचा दाखला दोन्ही बाजू देतात, हे विशेष. ओडिशा विरुद्ध तेलुगू. शेवटचे काही सेकंद उरलेले, ओडिशा दोन गुणांनी मागे. सूरज लांडेने हवेत झेप घेतली, गडी टिपला, तीन गुण. ४६-४५. तरुण म्हणतात, बघा, झेप आणि वेग. म्हातारे म्हणतात, तो शेवटचे सेकंद उरेपर्यंत वाट बघत होता ते नाही दिसलं?

दुसरा हंगाम कटकला झाला, २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४. आमच्याकडे तो भरताचा हंगाम. थंडीत शेतावर भरीत पार्टी झाली नाही तर खानदेशात वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. बामणोदकडची हिरवी, मोठाली, कमी बियांची वांगी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी टाकून वरून काड्या लोटायच्या. साल काळी होऊन फाटली, आतून रस सुटला की काढायची, सोलायची, आणि लाकडी बडगीत ठेचायची. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वरून हात सैल सोडून तेल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कुणाचा तरी मोबाइल खाटेच्या पायाला टेकवून उभा केलेला, त्यावर सामना. वांगी सोलणाऱ्यांचे हात काळे, त्यामुळे आवाज वाढवायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागे.

अशा मैफलीत मूल्यमापन कसं चालतं, तर कुणाच्याही शिस्तीत बसणार नाही असं. एक जण शूजकडे बघत असतो. मॅटवर खेळायला शूज लागतात, आणि मातीवर अनवाणी वाढलेल्या पोराला शूजमध्ये टाच कळत नाही, हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. मातीवर थांबताना पाय थोडा घसरतो, घसरण्यात धक्का विरतो. मॅट पाय धरून ठेवतं, आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. आमच्या काळ्या जमिनीत तर पावसाळाभर मैदान चिकटून बसतं, मुरूम टाकल्याशिवाय पळताच येत नाही. तिथून उठून थेट मॅटवर जाणाऱ्या पोराचे पहिले सहा महिने धरूच नयेत, असं एक मास्तर सांगतात. दुसरा एक जण मात्र खेळाडू बाद झाल्यावर काय करतो तेवढंच बघतो. मान खाली घालून येतो, की आत उतरणाऱ्याच्या कानाशी दोन शब्द बोलतो? तिसऱ्याला सगळ्यांची शिक्षणं आणि नोकऱ्या पाठ. अंतिम सामना गुजरातने चेन्नईविरुद्ध ३१-२६ असा जिंकला, आणि रामजीचे चाहते त्या रात्री भाकरी मोडत गप्प बसले होते, एवढं लक्षात आहे.

गुडघ्यावरून आठवलं. खो-खोचा पहिला ड्राफ्ट झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात प्रो कबड्डीचा लिलाव झाला. त्यात पवन सेहरावत हा विजेसारखा चढाईपटू तमिळ थलैवाजने दोन कोटी सव्वीस लाखांना घेतला, तोवरचा विक्रम. ऑक्टोबरात पहिल्याच सामन्यात, तेही पकड करताना, त्याचा गुडघा गेला आणि हंगाम तिथेच संपला. वेगाच्या माणसाची किंमत किती अस्थिबंधांवर उभी असते, हे बघून आमच्याकडे दोन दिवस हळहळ होती. पुढच्या लिलावात तो त्याहून जास्त रकमेला गेला, तेव्हा हळहळीचं रूपांतर हेव्यात झालं. आणि मग हिशोब निघाला. खो-खोत सगळ्यात वरच्या गटाचे पाच लाख, इकडे एका कबड्डीपटूचे सव्वादोन कोटी. दोन्ही आपल्याच मातीतले खेळ म्हणायचे!

अर्थात वरणगाव-भुसावळ पट्ट्यात खेळाडूची खरी किंमत लाखांत मोजली जात नाही. ती मोजतात एकाच वाक्यात: ‘लागला का?’ लागला म्हणजे नोकरीला. लीग यायच्या कितीतरी आधीपासून खो-खोचा ड्राफ्ट होता तो रेल्वेच्या खेळाडू भरतीचा. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ महाराष्ट्राला टक्कर द्यायचा तो बऱ्याचदा महाराष्ट्रातूनच नोकरीला गेलेल्या पोरांच्या बळावर. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे रहस्य लहान पोरांनाही ठाऊक. चाचणीला जाताना कात्रणं लागतात, आणि कात्रणात काय बघतात? पुन्हा तोच कंस. म्हणून आईवडील बातमीत फोटो नाही आला तरी चालेल म्हणतात, पण मिनिटं चुकीची छापली तर वार्ताहराला फोन जातो. आता पानं कमी झाली, स्थानिक स्पर्धांच्या बातम्यांमधून कंस गळू लागले, आणि चित्रफितींनी जागा घेतली. यात पोरांचं नुकसान आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रफीत पंधरा सेकंदांची. दोन मिनिटं दहा सेकंद टिकलेल्या गड्याची उरलेली एक मिनिट पंचावन्न सेकंदं कुणी बघायची?

मुलींचं तर याहून अवघड. लीगच्या त्या दोन्ही हंगामांत एकही महिला संघ नव्हता. वास्तविक धाराशिवची खो-खोपटू सारिका काळे २०२० ची अर्जुन पुरस्कारविजेती. दिल्लीत १९ जानेवारी २०२५ ला पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांच्या ५४-३६ पेक्षा मोठ्या फरकाने. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर होता, आणि त्याच्या नावाची चर्चा ड्राफ्टमुळे आमच्या गावात आधीपासून होती. प्रियांकाचं नाव बहुतेकांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं. ज्यांना कुणी उचललंच नाही त्यांच्यावर कट्ट्यावर वाद कसा व्हावा?

गावातल्या एका शाळेत मात्र वाद होतो, दरवर्षी पावसाळ्यात, तालुक्याचा संघ निवडताना. तिथले क्रीडाशिक्षक शंभर मीटरचं घड्याळ लावतच नाहीत. तीन-तीनच्या तुकड्या उतरवतात, मोबाइलवर वेळ लावतात, आणि जुन्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे कंस करून मिनिटं लिहितात. यंदा शाळेतला सगळ्यात वेगवान पोरगा, ज्याने क्रीडादिनाला सगळ्या शर्यती मारल्या, कंसात पस्तीस सेकंदांच्या पुढे गेला नाही. दर वेळी तोच प्रकार: पहिलं वळण झकास, दुसरं बरं, तिसऱ्याला हद्दीबाहेर. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, जरा जाडसर, शर्यतीत शेवटून तिसरा येणारा एक पोरगा मात्र दीड मिनिट टिकला, कारण तो हूल देऊन उभा राहतो आणि समोरच्याची फजिती बघून चक्क हसतो. वेगवान पोराचे वडील शाळेत आले, बोलले बरंच काही. शिक्षकांनी त्यांना वही दाखवली. वडील फॅक्टरीत मोजमापाच्या कामावर, आकड्यापुढे त्यांचं काही चालेना, तरी जाताना म्हणाले, ‘सर, पोरगं वाया नका घालवू.’

सरांनी घातलेलं नाही. पळतीला त्याला तिसऱ्या तुकडीत ठेवलंय आणि आक्रमणात खांबाजवळची जागा दिलीये, जिथे थांबायचं नसतं, झेपावायचं असतं. सध्या तो रोज संध्याकाळी मुरमावर पोतं टाकून खांबावर सूर मारायला शिकतोय. उजवं कोपर सोलून निघालंय, आणि डाव्या बाजूने अजून जमत नाही.